पितृपक्षातली बाजारफेरी

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हरवलेली माणसं पुष्कळ शोधली. काही मिळाली, काही मिळाली नाहीत, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. एक बाई तेवढी डोक्यातून जात नाही. तिला कुणी पळवलं नव्हतं, लुबाडलं नव्हतं. भर बाजारात, दिवसाउजेडी, निदान सहा-सात दुकानदारांनी तिला जवळून पाहिलं होतं. आणि तरीही ती कुठे गेली हे विचारल्यावर त्यातले निम्मे लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्यांना कुणाची धमकी नव्हती. त्यांची भीती वेगळीच होती, ती कळायला मला जवळजवळ चोवीस तास लागले, आणि तेवढ्यात त्या बाईचा जीव जायचा राहिला.

गावाचं नाव सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, आणि जी गेली त्यांची मुलं-नातवंडं त्याच बाजारात गल्ल्यावर बसतात. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं झाली असतील. माझी नेमणूक सिंधुदुर्गात, मालवण किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्यात होती. मी घाटावरचा, त्यामुळे तिथल्यांच्या लेखी बदली होईपर्यंत घाटीच राहिलो. ठाण्यात कामं ठरलेली. आंब्याच्या बागेच्या हद्दीवरून डोकी फोडणं, पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरवाल्यांची हाणामारी, जत्रेचा बंदोबस्त. पर्यटक नुकते यायला लागले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या तक्रारी.

त्याच सुमारास गावात एक गाईड उगवला. मुंबईत वीस वर्षं हॉटेलात काढून परत आलेला, पंचेचाळिशीचा, तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांना तो जुन्या बाजारातून पायी फिरवायचा. त्याला तो 'बाजारफेरी' म्हणायचा. मसाला कुटायचा डंक, कोकमवाला, खाजेवाला, सावंतवाडीची लाकडी खेळणी, काकणकार म्हणजे बांगड्या भरणारा म्हातारा, आणि शेवट बाजाराच्या टोकाला पिंपळाखाली, जिथे लॉजची बस उभी असे. प्रत्येक पाहुण्याला तो सुरुवातीलाच एक तांबडी कापडी पिशवी द्यायचा. पक्ष पंधरवड्यात बाजार ओस पडतो, म्हणून त्या दिवसांत दुकानदार त्याची वाट बघायचे.

अशाच एका पितृपक्षात मुंबईच्या एका महिला मंडळाच्या पंधरा बायका आल्या. संध्याकाळी साडेसात वाजता मंडळाच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, गाईडला जवळजवळ कॉलर धरून ठाण्यात घेऊन आल्या.

"पंधराजणी गेलो, चौदाजणी परत आलो," त्या म्हणाल्या. "आणि हे म्हणतात, मी नीट मोजलं होतं!"

"पंधरा मोजलंय, साहेब. देवाशपथ," गाईड म्हणाला. मुंबईचं मराठी गळून पडलं होतं.

"काय मोजलंस?"

"पिशये."

मी पेन खाली ठेवलं. "माणसं सोडून पिशव्या?"

"तिन्हीसांज झालली, साहेब. पिंपळाखाली राखणदाराची जागा आसा. थंय मानसा बोट दाखवून मोजूची नसतत. नावान हाकय मारूची नसता. कोण ओ दितलो, काय सांगूक येता?"

मी त्याला तेव्हा काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंधरावी पिशवी दुसऱ्याच एका बाईच्या हातात होती. हरवलेल्या बाईंनी पिंपळाच्या अलीकडे ती तिला दिली, "ही जरा धर, मी आलेच," म्हणाल्या, आणि बाजारात मागे वळल्या. बसमध्ये अंधार, गप्पा, गाण्याच्या भेंड्या. लॉजवर उतरल्यावर लक्षात आलं.

मिसिंगची नोंद घेतली, स्टेशन डायरी भरली, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला. वय बासष्ट, विधवा, मूलबाळ नाही, मुंबईत एकटीच राहायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी जाता जाता माझ्या टेबलावर एक लहान थर्मास ठेवला. "हे त्यांच्या खोलीत होतं. बर्फात इन्सुलिन आहे. सकाळ-संध्याकाळ घेतात. आजची संध्याकाळची सुई राहिली."

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एक दिवस निभेल, दोन दिवसांची खात्री मी देणार नाही, आणि गोडधोड खाण्यात आलं तर एकाचीही नाही. तेव्हापासून तो थर्मास माझ्या टेबलावरच राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

सकाळी फोटो स्टुडिओवाल्याला उठवून मंडळाच्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन घेतला. सगळ्याजणींचा एक फोटो चांगला आला होता. तो घेऊन मी, एक जुना हवालदार आणि गाईड, कालच्याच वाटेने कालच्याच क्रमाने निघालो. हवालदार देवगडकडचा होता, मालवणी त्याची घरचीच, पण या गावात तोही परका.

डंकावरच्या तरुण बाईने फोटो बघताच सांगितलं, "होय तर, ही बाय इलेली. बरी बोलली. आमच्यासारख्यांच बोलली."

"आमच्यासारखं म्हणजे?"

"मालवणी! बाकीच्यो सगळ्यो मुंबयवाल्यो, पण ही हयचीच वाटली."

मुख्याध्यापिकाबाईंनी तर आदल्या दिवशी सांगितलं होतं की त्यांचं कोकणात कुणी नाही. मी ते वहीत टिपलं.

पुढे कोकमवाला. सत्तरीचा. त्याने चष्मा लावला, फोटो हातात घेतला आणि दुसऱ्याच क्षणी फळीवर ठेवला. "माका म्हायत नाय." मग आत जाऊन त्याने हात धुतले. आम्ही बघत असताना, कोपरापर्यंत. खाजेवाल्या म्हाताऱ्याने फोटो पालथा घातला आणि त्याला हात जोडले. खेळण्यांच्या दुकानात तिशीचा मालक मोकळेपणाने बोलला. हरवलेल्या बाईंनी एक लाकडी भातुकली हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि परत ठेवली, असं म्हणाला. गल्ल्यावर तेव्हा वडील होते का, विचारलं. "होते. पन कालपासून ते आंथरुणार आसत. ताप भरलो." काकणकाराचं दुकान बंदच होतं. उंबऱ्यावर कुणीतरी राखेची रेघ ओढली होती, ताजी. शेजारी विचारलं तर शेजारच्याने फळ्या लावायला घेतल्या.

सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि आम्ही पुढे जाऊ तसतशी आमच्या मागे दुकानं बंद होत होती. आवाज न करता. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. गाईडची बडबड केव्हाच थांबली होती.

खोटं बोलणारा माणूस पोलिसाच्या तोंडाकडे बघतो, आपलं खोटं पचलं की नाही ते तपासायला. हे लोक माझ्याकडे बघतच नव्हते. फोटोकडे बघत, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. दोनदा मीही मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाला, "साठीच्या आतले बोलतत. साठीच्या फुडचे बोलनत नाय."

हे माझ्याही लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. एव्हाना होड्या खाडी धुंडाळत होत्या. खाडीपलीकडे माणसं नेणारा म्हातारा होडीवालाही 'म्हायत नाय' एवढंच म्हणाला होता. दुपारी वरिष्ठांचा फोन आला. मी म्हणालो, बहुधा खाडीत बुडाल्या. तसं वाक्य कच्च्या कागदावर लिहिलंही. आज त्याची लाज वाटते.

दोनच्या सुमारास एक मासे विकणारी बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, रिकामी टोपली डोक्यावरच. आत यायला तयार नव्हती.

"माझां नाव लिवशात तर तोंड उघडूची नाय," ती म्हणाली. मी वही मिटली. "तुमी ज्या बायेक शोधतास, ती मेलेली आसा."

मी उठलोच. "प्रेत कुठे आहे?"

"प्रेत?" तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चाळीस वर्सां झाली तेका. खाडयेपलीकडल्या वाडयेतलां चेडू तां, वीस वर्सांची पोर. बुडान मेलां. काल पक्षात बाजारात इलां, काकणां भरल्यान आनि गेलां. काकणकारान सवता हात धरलो तिचो. सगळो बाजार बोलता, तुमकाच कोण सांगना नाय."

"तू पाहिलंस?"

"मी तेवा लहान. आवशीन सांगलेलां. खाडयेर जायत नको, थंय अमक्याचां चेडू बुडलां, म्हणान." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "मेलेल्याक शोधू नये, साहेब. तां शोधूक इल्लां म्हणजे कायतरी न्हेवकच इल्लां."

अंगावर काटा आला हे कबूल करतो. पोलिसालाही अंग असतं. बाहेर ऊन होतं, ठाणे अंमलदार रजिस्टर आखत होता, आणि मला क्षणभर माझ्याच ठाण्यात परकं वाटलं. मग नजर थर्मासवर गेली. मेलेल्या बाईला इन्सुलिन लागत नाही. तेवढा एक विचार मी दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि काकणकाराला घरून आणायला माणूस पाठवला.

म्हातारा पंच्याहत्तरीचा, बारीक चणीचा. अशा माणसावर आवाज चढवून काही मिळत नाही, तो आणखी मिटतो. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो, चहा मागवला. त्याने चहा बशीत ओतला.

"तुम्ही तिला ओळखलंत?"

"काकणकार तोंड बघना नाय, साहेब. हात बघता. ह्या बाजारातल्या सगळ्या चेडवांचे हात माझ्या हातातसून गेले. काल पंधरा हात इले. चौदा मुंबयचे. पंधरावो हात धरलंय आनि माका कळला. डावो आंगठो वाकडो. लहानपणी माडाचो झाप पडान मोडलेलो. मगे तोंड बघलंय."

"ती काही बोलली?"

"'आवस आसा?' इतक्यांच इचारल्यान, आपल्या आयशीबद्दल. मी मान हलवलंय, आसा म्हणान. तिची काकणां भरून झाली, पैसे मी घेवक नाय. मेलेल्याचे पैसे घेणत नाय."

"ओळख दिलीत?"

"ओळख दिली काय तां पाठी येता."

"मेली कशी ती?"

"बुडान."

"प्रेत तुम्ही पाहिलंत?"

"जळताना बघलंय."

"काय जळताना पाहिलंत? तिचं तोंड पाहिलंत? तो वाकडा अंगठा पाहिलात?"

त्याने बशी खाली ठेवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते लपवाछपवी नव्हतं. जुन्या पेटीत हात घालून काहीतरी चाचपणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता.

"पुतळो," तो अखेर म्हणाला. "दर्भाचो पुतळो होतो तो."

मग सगळं बाहेर आलं. मुलगी वीस वर्षांची होती. गावातल्या शाळेत आलेल्या परजातीच्या मास्तराबरोबर निघून गेली. बाप मोठ्या मानाचा. त्याने जाहीर केलं, मुलगी खाडीत बुडाली. दर्भाचा पुतळा करून खाडीकाठी जाळला, दिवस घातले आणि तेराव्याला सगळ्या बाजाराला जेवण घातलं. खरं काय ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पण जेवून उठल्यावर ते बोलायचं कुणी? आधी लोक तोंडदेखलं म्हणत, बुडाली. मग मुलांना तसंच सांगू लागले. मुलं मोठी झाली. चाळीस वर्षांत ज्यांनी पुतळा जळताना पाहिला होता त्यांच्याही डोळ्यांपुढे पुतळा उरला नाही, मुलगी उरली.

"जिच्या तेराव्याक मी पोटभर जेवलंय," म्हातारा म्हणाला, "तिका जिवंत म्हणू कसो, साहेब?"

साठीच्या पुढचे का बोलत नव्हते ते तेव्हा मला कळलं. ते सगळे त्या पंगतीला बसलेले होते.

चार वाजता मी आणि हवालदार होडीतून पलीकडे गेलो. थर्मास हवालदाराच्या मांडीवर. माडांतून वर चढलं की चिऱ्यांचं घर, सारवलेलं अंगण, सगळीकडे सामसूम. बाईंचा थोरला भाऊ ओसरीवर बसला होता, सत्तरीला टेकलेला, उघडा, गळ्यात जानवं. दचकला नाही.

"येवा साहेब, बसा."

"तुमची बहीण काल इथे आली होती?"

"इली होती," तो म्हणाला, शेजारीण आली होती म्हणावं तसं. "काल आमचो म्हाळ. दुपारी सगळ्या पितरांची पानां कावळ्यान शिवली. तिच्या पानाक शिवल्यान नाय. दर वर्सा असांच करता. पन काल तिन्हीसांजेक ती सवता इली."

"मग?"

"मगे काय? दार लावून घेतलां. तिचां पान परत वाढून भायर ठेवलां, पाणी ठेवलां. हात जोडून सांगलां, चुकला-माकला पोटात घाल, मुलामाणसांका सांभाळ, आनि जा. हाका मारी होती. ओ दिवक नाय कोणी."

"आणि ती कुठे गेली?"

"गेलेली मानसा खंय जातत, साहेब?"

मी त्या माणसाचे डोळे बघितले. अनेक खुन्यांचे डोळे मी बघितले आहेत, आणि आजही सांगू शकत नाही की तो खोटं बोलत होता की त्याचा त्यावर विश्वास होता. कदाचित त्यालाही ते सांगता आलं नसतं. त्याची बायको दारामागे उभी होती.

हवालदाराने मला अंगणाच्या कडेला बोलावलं. तुळशीच्या पलीकडे, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला लागून, केळीचं पान पडलेलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर यांचे डाग. भात कालवल्याची बोटं दिसत होती. आणि पान मधोमध नीट दुमडलेलं होतं.

"कावळो पान दुमडना नाय, साहेब," हवालदार म्हणाला.

खीर. डॉक्टरांचे शब्द आठवले. मी गडग्यापलीकडे बघत होतो तोच घरातून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"कोण इलो रे? बायेक भितर घेतलास?"

"आवस," भाऊ म्हणाला. "नव्वद झाली. दिसना नाय. कालपासून ह्यांच चालू आसा. ती न्हेवक इली ती हिकाच."

मी बूट काढले आणि न विचारता आत गेलो. माजघरात भिंतीला लागून खाट होती. त्यावर म्हातारी, चिमणीएवढी, डोळे पांढरे. तिने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल चाचपलं.

"पोलीस?"

"होय, आजी."

"बरां झालां. ह्या घरात सगळी शानी मानसा, माझां कोण आयकना नाय. तू सांग. मेलेला मानूस खोकता काय रे?"

"नाही, आजी."

"मगे! रातभर खोकता हा. हय, ह्या भितीच्या मागे. मी हाक मारतंय, ती खोकता. मी हाक मारतंय, ती खोकता." तिने भिंतीवर तळवा टेकवला. "सकाळपासून खोकना नाय."

भिंतीच्या मागे मांगर होता, म्हणजे नारळाची सोडणं, झापं, मोडकी अवजारं ठेवायची शेतखोपी. आम्ही दोघे धावलो. घराला वळसा घालायच्या त्या तीस-चाळीस पावलांत मी देवाला काय काय कबूल केलं ते देव जाणे. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या होता. तो भावजयीने पहाटे ठेवला होता, हे मागाहून कळलं. भीतीने की मायेने, हे मी तिला विचारलं नाही.

बाई सोडणांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या, डोकं घराच्या भिंतीला लावून. ओठ फुटलेले, श्वास खोल आणि वेगळ्याच वासाचा, पिकून उतरलेल्या फळासारखा. हाक मारली, उत्तर नाही. हातात हिरव्या काकणांचा चुडा, एकही पिचलेलं नाही. मी नाडी बघितली. होती.

सुई आम्ही टोचली नाही; डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, बेशुद्ध असतील तर हात लावू नका, घेऊन या. ओसरीवरची खुर्ची घेतली, त्यांना तीत बांधलं आणि उचललं. अंगणातून जाताना भावाने तोंड फिरवलं. आम्ही पाणंदीत उतरलो तेव्हा मागून पावलं वाजली. भावजय धावत आली होती, हातात घोंगडी. तिने ती बाईंच्या पायांवर घातली, आणि घालता घालता तिचा हात बाईंच्या पावलाला लागला. ती जागच्या जागी थांबली.

"गरम आसा गो," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. मग तिथेच खाली बसून रडायला लागली.

बाई वाचल्या. आणखी एक रात्र गेली असती तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांचा जबाब घेतला. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. सुरुवातीला माहेरी पत्रं टाकली, ती न फोडता परत आली. आई आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. या सहलीच्या कागदावर गावाचं नाव आणि तारीख वाचली, त्या दिवशी माहेरचा म्हाळ, सगळी घरात असणार, म्हणून नाव नोंदवलं.

"सरळ का नाही गेलात?" मी विचारलं.

"धीर नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाजारापर्यंत तर जाऊ. नाहीच झाला धीर तर कोकमं घेऊन चारचौघींसारखी परत जाईन. कुणाला कळणारही नाही."

"आणि ते पान? बाहेर मांडलेलं? जेवलात कशाला?"

"आईच्या हातची खीर असेल असं वाटलं. वेडेपणाच. नव्वदीची बाई कुठून करणार?" मग म्हणाल्या, "परतायची शेवटची होडी तर सुटली होती. भिंतीला कान लावला तर आतून 'बाय' अशी हाक येत होती. हुंदका दाबायला गेले की खोकला यायचा. दारापर्यंत पुन्हा जायचं धैर्य नव्हतं, आणि तिथून उठून जाववत नव्हतं."

मिसिंग बंद करायला ओळख पटवणारी सही लागते. भाऊ आला, दाराबाहेरच उभा राहिला. "माझ्या बापाशीन गावाक जेवण घातलां, साहेब. माझी सय झाली तर तो खोटो पडता." मी जबरदस्ती केली नाही. कायद्याला मुख्याध्यापिकाबाईंची सही पुरत होती आणि ती झालीही होती. माणूस म्हणून मी त्याला माफ केलं नाही, आजही नाही.

त्याच दुपारी रुग्णालयाच्या आवारात गलबला झाला. काकणकार पुढे, मागे चार कोळी, आणि त्यांच्या खांद्यांवर खुर्चीत म्हातारी. काकणकाराने तिला होडीतून आणलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. तिला खाटेशी बसवलं. तिने लेकीचा चेहरा चाचपला, केस चाचपले, हात खाली आणत वाकड्या अंगठ्यापाशी थांबली आणि तो मुठीत धरला. वॉर्डातल्या इतर बायका डोळे पुसत होत्या, आणि मी टोपी काढून कागद चाळायचं सोंग करत होतो.

म्हातारीला अंगठा द्यायचाच होता. गरज नव्हती, पण मी नाही म्हणालो नाही. रीतीप्रमाणे कागद वाचून दाखवला: सदर महिला ही माझी मुलगी असून ती जिवंत मिळून आली आहे.

"जिवंत म्हणान कित्याक लिवलास?" म्हातारी म्हणाली. "ती मेली कधी?"

मी म्हणालो, "आजी, सगळा गाव म्हणतो ना. तेराव्याला गाव जेवला होता."

"गाव जेवलो," ती म्हणाली. "माकाय वाढल्यानी. मी पानार बसूक नाय."

काकणकार दारात उभा होता, तो मान खाली घालून निघून गेला.

पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, मोठी प्रकरणं हाताळली. पण तपासाची एक रीत मला त्या नव्वदीच्या बाईने शिकवली, कुठल्या प्रशिक्षण शाळेने नव्हे. एखाद्या प्रकरणात सगळं गाव एका तोंडाने बोलायला लागलं, की मी सांगणाऱ्यांचे जबाब बाजूला ठेवत असे आणि त्या घरात त्या दिवशी उपाशी राहिलेलं माणूस कोण, ते शोधायला लागत असे.